तीनचा सात

३, मंगळवार

संगणकात मेमरीची नवी पट्टी बसली. पडद्यावर आठ जीबीच्या जागी सोळा दिसतंय आणि ते बरोबर असल्याचं दुकानदाराने फोनवर सांगितलं. "ताई, सोळा दिसलं म्हणजे काम झालं. आता वर्षभर बघायला नको."

प्लास्टरमधला पाय लांब करून जमिनीवर बसले आणि खोक्याचे स्क्रू मीच काढले. धाकटी जाऊ दाराला टेकून बघत होती. म्हणाली, "ताई, दुकानातून माणूस बोलावला असता तर?" मी म्हटलं, तीस वर्षं मुद्रितं तपासून लोकांच्या चुका काढतेय, एक पट्टी बसवता येणार नाही का मला? "चुका काढणं वेगळं आणि पट्टी बसवणं वेगळं," ती म्हणाली. ही बाई बोलते कमी. बोलते तेव्हा असं.

पण बसली. खट् असा आवाजही आला.

पाय मोडल्याला आज बावीस दिवस झाले. चौथा मजला, लिफ्ट बंद. कुठलासा सुटा भाग यायचाय आणि तो महिनाअखेरीस येईल, असं इमारतीचे सचिव म्हणतात. तोवर माझं जग म्हणजे पलंग, टेबल आणि न्हाणीघर. कुबड्यांनी सतरा पावलं.

काम मात्र भरपूर आहे. परिचारिकांसाठी औषधांच्या मात्रांचं पुस्तक: तीनशे बारा पानं, त्यातली अडीचशे नुसते तक्ते. पडद्यावर एक पान उघडायला मिनिट लागत होतं, म्हणून तर ही पट्टी आणली. धाकटी दुसऱ्या मजल्यावरून सकाळी येते आणि लेखक-डॉक्टरांच्या हस्तलिखितावरून तक्ते टाइप करते. पान छापलं की वाचणी. ती हस्तलिखितातून मोठ्याने वाचते, मी छापील पानावर नजर ठेवते. पान बिनचूक निघालं की कोपऱ्यात दोघींची सही. मग फाइल साठवायची आणि ते पान गठ्ठ्यात जातं, गठ्ठ्याला सुतळीची गाठ. पुस्तक बाहेर येईपर्यंत ती गाठ सोडायची नाही. मी प्रेसमध्ये नोकरीला होते तेव्हा आमच्या वरिष्ठांनी घालून दिलेला हा नियम. ते म्हणत, तपासलेलं पान पुन्हा बघणारा माणूस पहिल्यांदा नीट बघत नाही.

५, गुरुवार

पहिली सहा प्रकरणं प्रेसला पाठवली. पानं आता डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतात. पट्टी आणली ते बरं केलं.

संगणक दोनदा अडकला. दुसऱ्यांदा निळा पडदा येऊन आपोआप पुन्हा सुरू झाला. दोन्ही वेळा कळफलकावर धाकटी होती. मी तिला म्हटलं, जरा हलक्या हाताने. ती म्हणाली, "मी काहीच केलं नाही ताई, नुसती बसले होते." नुसतं बसल्यावर यंत्र बंद पडतं होय?

तिचं लक्ष उडालंय, हे खरं. भावोजींचं काम सुटल्यापासून घर तिच्या टायपिंगवर चाललंय. प्रेसमध्ये पुढच्या महिन्यात एक कायमची जागा निघतेय. व्यवस्थापक मला म्हणाले होते, तुम्ही दोन ओळींचं पत्र द्या, मी तिचं नाव पुढे करतो. तिला हे माहीत आहे. विचारत नाही, पण फोन वाजला की मान वर करते.

९, सोमवार

व्यवस्थापकांचा फोन. आम्ही पाठवलेली प्रकरणं डॉक्टरांनी चाळली आणि चार चुका काढल्या. लहान मुलांच्या तक्त्यात एकच्या जागी पाच. दुसरीकडे दोनच्या जागी सहा. एके ठिकाणी तर नवाच्या जागी बरोबरचं चिन्ह, दोन आडव्या रेघांचं.

"एक गोळी आणि पाच गोळ्या," व्यवस्थापक म्हणाले. "कुणी वाचून दिल्या असत्या म्हणजे?"

माझ्याकडून गेलेल्या पानावर असं आजवर झालेलं नाही.

फोन ठेवल्यावर कळफलकाकडे बघितलं. उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनात एकच्या तिरकं वर पाच आहे आणि दोनच्या तिरकं वर सहा. बोट घसरलं की नेमकं तिथे जातं. म्हणजे चूक टाइप करतानाची. पण मग वाचणीत ती मला दिसायला हवी होती. सहा प्रकरणं मी डोळ्यांत तेल घालून बघितली आहेत.

धाकटी म्हणाली, "गठ्ठा सोडून बघू या का? आपल्या सह्यांच्या पानावर काय आहे ते कळेल."

"गठ्ठा सोडायचा नाही."

"एकदाच, ताई."

"एकदा सोडला की नियम राहत नाही."

तिने पेल्यातलं पाणी संपवलं आणि पेला विसळून ठेवला.

१०, मंगळवार

हस्तलिखित उघडून बसले आणि एकटीने ती सहाही प्रकरणं पडद्यावर पुन्हा तपासली. अकरा चुका. अकराही दुरुस्त केल्या, फाइल साठवली, संगणक बंद केला. पाठीचा काटा ढिला झालाय.

११, बुधवार

तपासलेलं पुन्हा बघायचं नाही हा नियम मी आज पुन्हा मोडला. मनाला चैन पडेना. कालच्या अकरा जागा ठीक आहेत. दुसरीकडे सात नव्या चुका आहेत. काल त्या नव्हत्या. हे मी शपथेवर सांगेन.

याचा अर्थ एकच. वाचणीनंतर कुणीतरी फाइलला हात लावतंय. दुपारी गोळी घेतल्यावर मला तासभर झोप लागते, तेव्हा घरात धाकटी असते.

विचारलं. "काल दुपारी तू फाइल उघडलीस?"

"नाही. तुमचे कपडे घड्या करत होते."

"मग आकडे आपोआप बदलले?"

"मला काय माहीत? तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम करतेय? माझीच नोकरी घालवायला?"

मुद्दाम असं मी म्हटलं नव्हतं. मनात असं आहे की तिला आपली एखादी चूक आठवत असेल, मला कळू न देता ती सुधारायला जात असेल आणि घाईत आणखी बिघडवत असेल. भेदरलेला माणूस असंच करतो. हे मी तिला सांगितलंही, समजुतीच्या सुरात. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या वतीने बराच विचार केलात."

रात्री जेवताना ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "ती नवी पट्टी बसवल्यानंतरचंच आहे ना हे सगळं?"

"पट्टीला आकडे कळतात का?"

"मला तरी कुठे कळतात," असं म्हणून ताट उचललं. ह्यांना भावाच्या घराबद्दल बोलायचं नसलं की विनोद सुचतो.

१२, गुरुवार

पत्र पाठवलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी असं: वागणूक चांगली, कष्टाळू, वेळेची पक्की, आकड्यांच्या कामात मात्र तिच्यावर पूर्ण विसंबता येईल असं आज म्हणवत नाही. खरं तेच लिहिलं. नात्यातली म्हणून झाकलं असतं तर उद्या एखाद्या मुलाच्या जिवावर बेतलं असतं.

शेवटच्या पानावरही दोघींच्या सह्या होऊन ते गठ्ठ्यात गेलंय. तिला म्हटलं, पुस्तक हातावेगळं होईपर्यंत वर येऊ नकोस, उरलेली दुरुस्ती मी एकटी करते. पासवर्ड बदलला. तिने इथल्या सपाता पिशवीत घातल्या. दारात थांबून म्हणाली, "भाजी चिरून ठेवलीय. दुधाची पिशवी वरच्या कप्प्यात आहे, तुमचा हात पोचेल अशी."

१४, शनिवार

सचिव आले होते. लिफ्टचा भाग आला, पण चुकीचा आला. आणखी दोन आठवडे.

घर फार शांत आहे. वाचणी एकटीने करायची म्हणजे एक नजर हस्तलिखितावर, एक पडद्यावर. मानेला रग लागते. पाय ठणकतो. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, त्यावरून लोक खालीवर जातात. मी त्यांचे मजले मोजते.

संगणक तीनदा अडकला. माझेही हात जड झाले असावेत.

आणखी आठ चुका. सगळ्या दुरुस्त. साठवलं. बंद केलं.

१६, सोमवार

आज सकाळी नऊ नव्या चुका.

शनिवारपासून संगणकाला कुणी हात लावलेला नाही. पासवर्ड फक्त माझ्याकडे. धाकटी वर आलेली नाही. हे संगणकाच्या वाटेला जात नाहीत. गोळ्यांच्या गुंगीत मीच काही करते की काय, असंही मनात आलं. आलं ते लिहून ठेवते.

मग मी जे येतं ते केलं. एक कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासूनच्या सगळ्या चुका एकाखाली एक उतरवल्या: डॉक्टरांच्या चार, माझ्या अकरा, सात, शनिवारच्या आठ, आजच्या नऊ. शून्याचा चार. एकचा पाच. दोनचा सहा. आणि पान एकशे एक्केचाळीसवर तीनचा सात.

कळफलकावर तीन आहे उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, सात डावीकडे वरच्या कोपऱ्यात. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात बोट घसरत नाही. कितीही घाबरलेली बाई असो.

कागद पुन्हा बघितला. प्रत्येक चूक बरोबर चारने वाढलेली. एकही कमी झालेली नाही. चार, पाच, सहा, सात यांतला एकही आकडा कुठेही चुकलेला नाही. आठ आणि नऊ जिथे बिघडलेत तिथे चिन्हं आलीत. तीस वर्षं मी माणसांच्या चुका बघितल्या. माणूस असा चुकत नाही. माणसाची चूक सैल असते. कधी पुढे जाते, कधी मागे. ही चूक कुणीतरी साच्यातून काढल्यासारखी आहे.

दुकानदाराला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. "पट्टी काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासा. हलकेच. मग पुन्हा बसवा."

घासली, बसवली. संगणक सुरूच होईना. नुसता पंख्याचा आवाज आणि काळा पडदा. पुन्हा फोन.

"दाबून बसवा ताई, दोन्ही बाजूच्या खुंट्या वर आल्या पाहिजेत."

"पहिल्या वेळी एकच खट् झालं होतं."

"दोन व्हायला हवेत."

दोन झाले. सुरू झाला. मला वाटलं, सुटले. माझ्याच बसवण्यात खोट होती. फाइलची एक प्रत केली, प्रतीची प्रत केली, असं दहा वेळा. दहाव्या प्रतीत पान साठवर शून्याचा चार.

१७, मंगळवार

पट्टीच वाईट आहे. दुकानदाराने आज फोनवर मान्य केलं.

त्याने सांगितल्याप्रमाणे सकाळी संगणकाचीच मेमरी तपासणी लावली. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि स्वतःला तपासतं. चहा होईपर्यंत पडद्यावर ओळ आली: मेमरीत दोष आढळला. मग एकेक पट्टी लावून बघितलं. जुनी एकटी, पहिल्या खाचेत: निर्दोष. जुनी एकटी, दुसऱ्या खाचेत: निर्दोष. नवी एकटी, पहिल्या खाचेत: दोष. दुसऱ्या खाचेत: दोष. दर वेळी जमिनीवर बसायचं, खोकं आडवं करायचं, पुन्हा उठायचं. चार वेळा उठले. शेवटच्या वेळी टेबलाचा पाय धरून नुसतीच बसून राहिले.

दुकानदार म्हणाला, "तिच्यात एक बारीक जागा मेलेली असणार, आकड्यातली चारची खूण तिथे कायम चालूच राहते. पान उघडताना, साठवताना तुमचा आकडा त्या जागेवरून गेला की बदलून बाहेर येतो. बाकी सगळं ठीक दिसतं, म्हणून लवकर कळत नाही. हजारात एखादी निघते अशी. बदलून देतो ना, घेऊन या."

"चौथ्या मजल्यावरून? प्लास्टर घेऊन?"

"मग पाठवा कुणाला तरी."

कुणाला? ह्यांच्या कचेरीची सुटी होते तेव्हा त्याचं दुकान बंद झालेलं असतं. अशा कामाला आजवर जी जायची तिला मीच वर येऊ नको म्हटलंय.

पट्टी काढून बशीत ठेवलीय. माझ्या पंजापेक्षाही लहान आहे.

१८, बुधवार

आज काही केलं नाही. खरं लिहायचं तर, काही न करण्याची कारणं शोधली.

पहिलं कारण असं की हे कुणालाच माहीत नाही. दुकानदाराला पत्राचं माहीत नाही, व्यवस्थापकांना पट्टीचं माहीत नाही. जुनी पट्टी लावून चुका सुधारायच्या, फाइल पाठवायची, पुस्तक बिनचूक निघेल. ज्या परिचारिका ते वाचणार त्यांचं काही बिघडणार नाही. राहता राहिलं पत्र. त्या जागेसाठी दुसरे उमेदवारही असतीलच. ती निवडली गेली असतीच असं कुठे आहे?

हे सगळं सुबक अक्षरात लिहून झाल्यावर लक्षात आलं की तेही जमणार नाही. तीन तारखेपासून प्रत्येक साठवणीत फाइल त्या पट्टीतून गेलीय. किती आकडे बदललेत हे पडद्यावर कळायचं नाही. तीनशे बारा पानं मी एकटी पुन्हा वाचेन तोवर सोमवार उजाडेल आणि सोमवारी छपाई सुरू होतेय. खात्रीची प्रत एकच: गठ्ठा. त्यावर तिची सही आहे, माझी सही आहे, आणि नवव्या तारखेला ती मला हेच सांगत होती.

तेव्हा गाठ सोडली असती तर पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. मी नियम पाळला. नियम पाळला असं लिहिताना हात जरा थांबला. गठ्ठ्यात माझी चूक निघाली तर, याची भीती होती. धाकटीची निघाली असती तर मी कदाचित सोडलाही असता.

हे आले. बशीकडे बघितलं. "सापडली वाटतं."

"हो."

"खाली सांगितलंस?"

"फोन करणार आहे."

"फोन करायला पाय लागत नाही," हे म्हणाले, आणि पिशवीतला पाव काढून ठेवला. पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

१९, गुरुवार

साडेदहाला व्यवस्थापकांना फोन केला. उभ्याने केला, का ते माहीत नाही. सगळं क्रमाने सांगितलं.

ते म्हणाले, "म्हणजे संगणक तुमचा, पट्टी तुम्ही बसवली आणि पत्र तिच्याबद्दल."

"हो."

"ते पत्र वर गेलं. नोंद झाली त्याची."

"परत मागवता येईल?"

"नाही. दुसरं पाठवा. दोन्ही समोर ठेवतील." मग म्हणाले, "पहिलं चांगलं लिहिलं होतंत हो. पटण्यासारखं. तीच पंचाईत."

छपाई बुधवारपर्यंत पुढे ढकलली. पण माझ्या घरच्या फाइली आता घेणार नाहीत. सगळे आकडे प्रेसच्या यंत्रावर, सह्यांच्या पानांवरून पुन्हा भरायचे. "कोण येणार?" त्यांनी विचारलं. मी येऊ शकत नाही हे त्यांना ठाऊक आहे. हे तक्ते ओळखणारी दुसरी एकच आहे. म्हटलं, विचारते.

दुसरं पत्र लिहायला पाच मिनिटं लागली. खोडावं लागलं नाही. जुन्या पट्टीवर पान उघडायला मिनिट लागलं, तेवढाच काय तो खोळंबा.

मग खाली फोन. मागे नळ वाहत होता.

"काय ताई."

सांगितलं. पत्रात काय लिहिलं होतं तेही शब्दशः सांगितलं, कारण ती ते दुसऱ्याकडून ऐकणारच. नळ बंद झाला.

"तीनचा सात कुठे झालाय?"

"एकशे एक्केचाळीस."

"ते पान आठवतंय मला. तुम्ही चष्मा शोधत होतात. मी तीन दोनदा वाचला, तुम्हाला ऐकू गेलं नसेल म्हणून."

मला आठवत नाही. ती म्हणते म्हणजे असेल.

"गठ्ठा सोडलात?"

"नाही."

"मग आता सोडूही नका. मी उद्या नऊला येते. माझ्यासमोर सुटू दे."

"प्रेसमध्ये जाशील का मग? तिथे बसून भरावं लागेल. तीनशे पानं."

"आधी गाठ."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "दुधाची पिशवी अजून वरच्याच कप्प्यात ठेवता ना? खाली ठेवलीत तर वाकावं लागेल." आणि फोन ठेवला.

तिने माझ्याकडून माफी घेतली की नुसता निरोप, हे मला कळलेलं नाही. जागेचा निर्णय पुढच्या आठवड्यात. व्यवस्थापक म्हणाले, काही सांगता येत नाही.

गठ्ठा टेबलावर काढून ठेवलाय. कात्री मुद्दाम ठेवलेली नाही. एकशे एक्केचाळीसवर तीन असणार, त्याखाली तिची सही आणि माझी. उद्या नऊला ती वर येईल. तिचं पाऊल तिसऱ्या मजल्यापासून ऐकू येतं, पण तोवर मला पलंगापासून दारापर्यंत पोचता येत नाही. म्हणून पावणेनऊलाच निघणार आहे.